डाव्या गालावरचा कवडसा

ऑफिसात माझी जागा खिडकीशेजारी आहे आणि खिडकी माझ्या डाव्या हाताला. सकाळी दहाच्या सुमाराला काचेतून एक कवडसा आत येतो, आधी कीबोर्डवर, मग मनगटावर, आणि मी मेलबिल आटपून नीट कामाला लागेपर्यंत तो माझ्या डाव्या गालावर येऊन बसलेला असतो. मला तो फार आवडायचा. एसीच्या गारठ्यात तेवढीच ऊब. कोणी पडदा ओढायला उठलं की मीच म्हणायचे, अगं राहू दे गं, छान वाटतंय. सहा वर्षं हे असंच चाललं.

डाग पहिल्यांदा दिसला तो एका फोटोत. डाव्या गालाच्या हाडावर चहाचा ओघळ वाळावा तशी फिकट तपकिरी छटा. मला वाटलं सावली पडली असेल. घरी येऊन आरशासमोर दिव्याखाली उभी राहिले, ओल्या रुमालाने पुसून बघितलं, निघेना. उजव्या गालावरही होतं तसंच पण इतकं पुसट की शोधावं लागेल. आई म्हणाली, वांग आहे तो, तुझ्या वेळी दिवस गेले होते तेव्हा मलाही आला होता, जाईल आपोआप. म्हटलं ठीक आहे, जाईल.

गेला नाही. आणि त्यानंतर दोन वर्षं मी जे काय करत बसले ते लिहायचंय म्हणून ही पोस्ट, कारण माझ्या ओळखीतल्या निदान चार-पाच जणी आत्ताही तेच करतायत आणि त्यांना एकेकीला गाठून सांगण्यापेक्षा हे एकदाच लिहिलेलं बरं.

आधी स्क्रब झाले, मग सीरम झाली, मग कुठेतरी वाचून लिंबाचा रस लावला. लिंबाचं आधी सांगून टाकते. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी रिॲक्ट होतात, रस लागलेली त्वचा उन्हात गेली तर अक्षरशः भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि फोड गेल्यावर मागे राहणारा डाग महिनोन्‌महिने जात नाही. मी रात्री लावून धुवायचे म्हणून वाचले. कृपा करून नका लावू.

मग एका मैत्रिणीने क्रीम सांगितलं. छोटीशी ट्यूब, दुकानात मागितली की मिळायची, कोणी चिठ्ठी विचारली नाही. पंधरा दिवसांत डाग निम्मा झाला, चेहरा तुकतुकीत दिसायला लागला, ऑफिसात दोघी-तिघींनी विचारलं काय लावतेस म्हणून आणि मी त्यांनाही नाव सांगितलं, ह्याचं मला आजही फार वाईट वाटतं. क्रीम बंद केलं की चार-पाच दिवसांत डाग परत यायचा, आधीपेक्षा गडद, आणि गाल लाल होऊन चुरचुरायचे, म्हणून पुन्हा सुरू. असे आठ महिने गेले. शेवटी शेवटी तर पाच मिनिटं उन्हात चाललं तरी गालांवर कोणी तिखट चोळल्यासारखी आग व्हायची, नाकाच्या कडेला बारीक लाल शिरा दिसायला लागल्या आणि कानाजवळची लव दाट झाली. तेव्हा कुठे मी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "सध्या चेहऱ्याला काय काय लावताय? सगळं दाखवा." मी ट्यूब काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, भिंग घ्यावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत मागे तीन नावं होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तिसऱ्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे स्टिरॉइड आहे. हे तुम्ही आठ महिने लावलंत." मग नीट समजावून सांगितलं, की औषध म्हणून हे काही वाईट नाही, ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली, अशा डागांसाठी अशी मिश्रणं वापरतातही. पण महिनोन्‌महिने चेहऱ्यावर स्टिरॉइड चोळलं की कातडी पातळ होते, आतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, लव वाढते, आणि त्वचेला त्या औषधाची अशी सवय लागते की सोडलं की ती पेटून उठते. म्हणजे जो लालपणा मी क्रीम बंद केल्यामुळे होतोय समजत होते तो त्या क्रीमनेच लावलेला होता. आणि अशी पातळ, चिडलेली त्वचा घेऊन मी रोज त्या खिडकीत बसत होते!

दुसरा प्रश्न मला अजिबात अपेक्षित नव्हता. "तुम्ही दिवसभर बसता कुठे? खिडकी डाव्या हाताला आहे का?"

मी थक्कच झाले. म्हटलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाल्या, तुमचा डावा गाल सांगतोय. वांग बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा येतो, एकीकडे इतका गडद असेल तर मी खिडकी किंवा गाडीचं विचारतेच.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली छापलेला. अमेरिकेतला ६९ वर्षांचा ट्रकचालक, २८ वर्षं मालाचा ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो त्यामुळे खिडकीची काच त्याच्या डाव्या गालाला. चेहऱ्याची उजवी बाजू साठीतल्या कुठल्याही माणसाची असावी तशी, आणि डावी बाजू जाड, लोंबलेली, नांगरलेल्या शेतासारख्या सुरकुत्या. एकच माणूस, एकच वय, एकच आहार, सगळं एकच, फरक फक्त काचेतून आलेल्या उन्हाचा. मी तो फोटो घरी येऊन परत शोधून बघितला, नेटवर सहज सापडतो, आईलाही दाखवला.

काचेचं गणित असं आहे. उन्हातले अतिनील किरण आपल्यापर्यंत पोचतात ते दोन प्रकारचे, यूव्हीबी आणि यूव्हीए. यूव्हीबी वरच्या थरात भाजतात, त्यांच्यामुळे कातडी लाल होते, आग होते, सोलवटते. यूव्हीए जास्त खोल जातात, कातडीला ताठ ठेवणारे जे तंतू असतात, कोलॅजन वगैरे, ते झिजवतात आणि रंग गडद करतात, आणि जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के हेच असतात. साधी खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळे अडवते पण यूव्हीए बरेचसे आत सोडते. म्हणजे काचेआड बसलं की चटका बसत नाही, लाल होत नाही, त्यामुळे शरीराकडून इशाराच मिळत नाही, आणि नुकसान मात्र चालू राहतं. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो म्हणून ती चांगली अडवते, बाजूच्या काचा बऱ्याचदा नाही अडवत.

आणखी एक. ऊब आणि अतिनील किरण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. गार वारा असला, ढग असले, म्हणून ते कमी झाले असं नसतं. पातळ ढगांतून बराचसा मारा खाली येतो, दर हजार मीटर उंचीला तो साधारण १० टक्क्यांनी वाढतो, आणि ताजा बर्फ तर अंगावर आलेल्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून बर्फात फिरून आलेल्या लोकांची हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यासुद्धा भाजलेल्या असतात. ऊन किती लागतंय हे अंगाला विचारायचं नाही, सावलीला विचारायचं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की जपायची वेळ. फोनवर हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स असतो तो बघायचा, ३ किंवा त्याच्या वर गेला की काळजी घ्यायची, ८ किंवा त्याच्या वर गेला तर शक्यतो दुपारचं बाहेरचं काम पुढेमागे करायचं.

आता ते नेहमीचं वाक्य, "आपला रंग सावळा, आपल्याला कशाला सनस्क्रीन?" हे मी स्वतः पस्तीस वर्षं म्हणत आले. त्यात थोडं तथ्य आहेच, मेलॅनिन म्हणजे त्वचेचा रंग हा पेशीने स्वतःच्या केंद्रकावर धरलेल्या छत्रीसारखा असतो, आतला डीएनए झाकतो, त्यामुळे गडद त्वचेत उन्हाने होणारे कॅन्सर खूप कमी. पण ही छत्री काही पूर्ण झाकत नाही. आणि मुख्य म्हणजे गडद त्वचेचं दुखणं वेगळं असतं, ती भाजण्याआधी काळवंडते, वांग येतो, मुरुमाचे डाग वर्षभर रेंगाळतात, एखादा ओरखडा गेला तरी काळा ठसा मागे राहतो. रापणं हेही म्हणजे त्वचा "धडधाकट" होणं नाही हो, डीएनएला इजा झाली म्हणून पेशींनी घाईघाईने जास्त रंग बनवला, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे सगळं गोरं होण्यासाठी नाहीये, हे मला ठासून सांगायचंय. सनस्क्रीनच्या जाहिरातींनी हे दोन विषय एकमेकांत इतके कालवून ठेवलेत की आमच्या घरातले पुरुष सनस्क्रीनला हातच लावत नाहीत, "आम्हाला काय नटायचंय" म्हणून. नटायचा काय संबंध, कातडी सगळ्यांना आहे.

सनस्क्रीन मी लावत नव्हते असं नाही, लावत होते, वाटाण्याएवढं. मॅडमनी तिथे माझीच बाटली मागून घेतली, माझी दोन बोटं सरळ धरायला लावली, तर्जनी आणि मधलं, आणि मुळापासून टोकापर्यंत दोन्ही बोटांवर क्रीमची रेघ ओढली. "हे एका वेळचं. चेहरा आणि मान." मला ते चार दिवसांचं वाटलं. कारण असं की बाटलीवरचा एसपीएफचा आकडा लॅबमध्ये काढतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढतात, आपण लावतो त्याच्या निम्मा नाहीतर पाव, मग ५० चा आकडा कागदावरच राहतो. शिवाय आकड्याच्या मागे फार धावायचंही कारण नाही, १५ एसपीएफ यूव्हीबी साधारण ९३ टक्के अडवतं, ३० साधारण ९७, ५० साधारण ९८. तीसचं भरपूर लावलेलं पन्नासच्या ठिपक्यापेक्षा कितीतरी चांगलं. एसपीएफ फक्त भाजण्याचं मोजतं म्हणून ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीएही अडवणारं, असं लिहिलंय का ते बघायचं, पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं असतील तर तो यूव्हीएचा हिशोब, जास्त चिन्हं तेवढं चांगलं. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, बाहेर असलो तर दर दोन तासांनी परत, घाम आला, पोहून आलो तर लगेच परत. कान, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग आणि हाताची मागची बाजू हे सगळे विसरतात, मी अजूनही कान विसरते.

वांग असेल तर अजून एक गोष्ट लागते जी मला कोणीच सांगितली नव्हती, अतिनील किरणच नाही तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं टिंटेड सनस्क्रीन लागतं. (लॅपटॉपच्या स्क्रीनची भीती मात्र काढून टाका, उन्हाच्या मानाने तो उजेड नगण्य आहे.)

रोज लावून खरंच फरक पडतो का, ह्याला उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर नावाच्या गावात १९९२ पासून साडेचार वर्षं सोळाशेच्या वर लोकांवर अभ्यास झाला, निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना त्यांच्या नेहमीच्या सवयीने. रोजवाल्यांमध्ये स्क्वेमस सेल प्रकारचे त्वचेचे कॅन्सर सुमारे ४० टक्के कमी निघाले, आणि हाताच्या मागच्या बाजूचे ठसे घेऊन त्वचेचं म्हातारपण मोजलं तर तेही २४ टक्के कमी. मला हा अभ्यास आवडतो कारण त्यात कुठलं महागडं उपकरण नाही, फक्त "रोज" आहे.

पण क्रीम हा शेवटचा उपाय, सगळ्यात चांगला उपाय कापड आणि सावली. पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा कपडा पुसला जात नाही, दोन तासांनी परत लावावा लागत नाही. कापड उजेडासमोर धरून बघायचं, आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जाणार. टोपी घ्यायची तर सगळीकडून काठ असलेली, नुसत्या पुढे झापड असलेल्या टोपीने कान आणि मान उघडीच राहते. गॉगल घेताना काच किती काळी ह्याला अर्थ नाही, यूव्ही ४०० लिहिलेलं हवं, कारण उन्हाने मोतीबिंदूलाही हातभार लागतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना सनस्क्रीन लावत नाहीत, त्यांना सावलीत आणि कपड्यात ठेवायचं. आणि काही गोळ्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते, मुरुमांसाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन, बीपीची हायड्रोक्लोरोथायझाइड, तेव्हा चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना सांगायच्याच, स्वतःहून बंद मात्र करायच्या नाहीत. व्हिटॅमिन डी चं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, इतकं जाड आणि इतकं सगळीकडे कोणी लावत नाही की डी बनणंच थांबेल, शंका असेल तर रक्त तपासून घ्या आणि कमी असेल तर गोळी घ्या, त्यासाठी गाल भाजायची गरज नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मी चेहऱ्यासाठी गेले होते आणि मॅडम म्हणाल्या, बूट-मोजे काढा. मला कळेना. त्यांनी छोट्या टॉर्चसारखं एक यंत्र काढलं, डर्माटोस्कोप म्हणतात त्याला, दिवा आणि भिंग एकत्र, आणि पाठ, डोक्यातला भांग, कानामागे, तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं असं सगळं बघत बघत तळपायांवर आल्या. उजव्या टाचेजवळ एक तीळ निघाला. माझ्या पायाला तीळ आहे हे मला माहीतच नव्हतं! आपण आपले तळपाय बघतो कधी? चार मिलिमीटर, एकसारखा तपकिरी. यंत्र त्यावर टेकवून त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं, तळपायाच्या रेषा नांगराच्या तासांसारख्या दिसत होत्या, उंचवटे आणि मधल्या चऱ्या, आणि रंग सगळा चऱ्यांमध्ये बसलेला. "रंग चऱ्यांत असेल तर सहसा काळजी नसते, उंचवट्यांवर असेल तर मी लगेच पुढची तपासणी करते." फोटो काढून ठेवला, तीन महिन्यांनी परत बोलावलं.

मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा कॅन्सर गडद त्वचेच्या लोकांत कमी आढळतो पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो. ह्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही, म्हणजे कितीही सनस्क्रीन लावलं तरी हा त्याने अडणार नाही, तो बघूनच सापडणार. बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच झाला होता, १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये तो गेला तेव्हा फक्त ३६ वर्षांचा होता. आणि उशीर का होतो, तर "आपल्याला नाही होत स्किनचा कॅन्सर" हेच रुग्णाच्याही डोक्यात आणि कधीकधी तपासणाऱ्याच्याही.

त्यामुळे बघायची सवय लावून घ्या. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, पाठीसाठी दुसरा आरसा किंवा घरातलं माणूस. तिळाचा एक अर्धा दुसऱ्या अर्ध्याशी जुळत नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, ६ मिलिमीटरपेक्षा म्हणजे पेन्सिलीमागच्या रबरापेक्षा मोठा आहे, किंवा बदलतोय, ह्यातलं काहीही असेल तर दाखवायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, बदलतोय. नखात उभी काळी रेघ उमटली आणि ती रुंद होतेय किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलाय, तर दाखवायचं. महिना होत आला तरी भरत नसलेली जखम, सारखी खपली धरून सारखं रक्त येणारी जागा, कानावर ओठावर खरखरीत चट्टा, दाखवायचं. बायोप्सी म्हटलं की लोक हादरतात, पण त्वचेची बायोप्सी म्हणजे बहुतेक वेळा ती जागा बधिर करून छोटा तुकडा काढणं, एक-दोन टाके, त्याच दिवशी घरी.

आणि जाताना मेकअप, नेलपॉलिश काढून जा, जे जे लावताय त्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, लाज वाटली तरी न्या. मला ती ट्यूब दाखवायला खूप लाज वाटली होती, मॅडमनी मात्र एका शब्दाने बोलून नाही दाखवलं.

माझं सध्या असं आहे, की क्रीम मॅडमनी हळूहळू सोडवलं, पहिले सहा आठवडे फार वाईट गेले, चेहरा सुजायचा, रडू यायचं, मग निवळलं. वांग अजून आहे, बराच फिका झालाय, आणि तो ऊन लागलं की परत येणार हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, पंधरा दिवसांत घालवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याची ट्यूब उलटी करून मागची अक्षरं वाचा. ऑफिसच्या खिडकीला फिल्म लावून घेतली, आणि मी टेबल फिरवून पाठ खिडकीकडे केली. टाचेवरचा तीळ तीन महिन्यांनी होता तेवढाच, चार मिलिमीटर, आता वर्षाने जायचंय.

ज्या दोघी-तिघींना मी क्रीमचं नाव सांगितलं होतं त्यांना फोन करून सगळं सांगितलं. एकीने तेव्हाच सोडलं होतं, एक अजून लावत होती, तिला घेऊन मीच गेले मॅडमकडे. आणि परवा आईने आपणहून ब्लाउजचा गळा जरा बाजूला करून विचारलं, "हा बघ गं, हा पूर्वी एवढा होता का?" मला आठवेना, तिलाही आठवेना, जुना फोटो कुठून असणार पाठीचा. शेजारी पट्टी धरून फोटो काढून ठेवलाय, मंगळवारची अपॉइंटमेंट मिळालीये.